आप्पांनी सोडलेली दारू

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. तरीही मुंबईतल्या एका ट्रस्टच्या फायलीत, टाइप केलेल्या इंग्रजीत, ते दारुडे होते असं लिहिलेलं आहे. ती फाईल अजून कुठे आहे की रद्दीत गेली, मला माहीत नाही. लिहिणारी मी होते. आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून सांगायचं धाडस करते आहे.

आम्ही बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहायचो. दोन खोल्यांचं घर, समोर तसंच दुसरं, मध्ये दोन माणसं एकमेकांना चुकवून जाऊ शकतील एवढी गल्ली. आप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिल्या पाळीला निघताना हातात डबा, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. फिटरला पेन कशाला लागतं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "सही करायला. अंगठा आमच्या वडिलांपर्यंत चालला."

रविवारी सकाळी विहारात वंदना असायची. पुढे उभं राहून आप्पा पंचशील सांगायचे आणि मागे सगळी वस्ती म्हणायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू आणि नशेपासून लांब राहण्याचं. पाचव्याला आप्पांचा आवाज जरा चढायचा, कारण मागे उभ्या असलेल्यांपैकी शनिवारी संध्याकाळी कोण कुठे होतं ते त्यांना ठाऊक असायचं.

समोरच्या घरातले काका त्यांपैकीच एक. शुद्धीत असताना इतका गरीब माणूस मी पाहिला नाही, आणि प्यायल्यावर तोच माणूस ताट उचलून भिंतीवर मारायचा. त्यांची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती. एकदा मी तिच्याकडे कंपासपेटी मागायला गेले, तर काका तिची पुस्तकं एकेक करून मागच्या चुलीत घालत होते. मी दारातूनच पळत घरी आले. आप्पा जेवत होते. ते उष्ट्या हातानं उठले, समोर गेले आणि काकांचा दंड धरून त्यांना ओट्यावर घेऊन बसले. काका शांत होईपर्यंत बसून राहिले. त्या मुलीची शाळा दहावीला सुटली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

हे सगळं आधी सांगते, कारण मी पुढे जे केलं त्याचं सामान इथून उचललं होतं.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या मॅडम सिंधी होत्या, वर्गात कमी बोलायच्या आणि वह्या मात्र मन लावून तपासायच्या. एक दिवस त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि एक पत्रक पुढे ठेवलं. मुंबईतला एक ट्रस्ट दर वर्षी एका पदवीधराला वर्षभर परदेशात फिरायला पाठवायचा. तिकडे शिकायला नाही, नोकरीला नाही. आपला एक प्रश्न घेऊन एकट्यानं जायचं, माणसांत राहायचं आणि वर्षानं वहीत काय जमलं ते आणून दाखवायचं.

"तुझ्याकडे असा प्रश्न आहे?" मॅडमनी विचारलं.

माझ्याकडे होता. आजोबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. मयत दारात, आणि पुढे काय करायचं यावरून आप्पा आणि चुलते यांच्यात वाद. चुलते म्हणत होते, निदान दहावं तरी घाला, लोक काय म्हणतील. आप्पांनी विहाराच्या कपाटातून एक पातळ पुस्तिका आणली आणि तीत पाहून पाहून सगळं पार पाडलं. आमच्याकडे बौद्ध धर्म येऊन उणीपुरी चाळीस वर्षंही झाली नव्हती. विचारायला म्हातारं माणूस नव्हतं; आमचे म्हातारे आमच्याइतकेच नवे होते. मला पाहायचं होतं की ज्या देशांत माणसं शेकडो वर्षं बौद्ध आहेत तिथे साध्या घरात मूल झालं, लग्न झालं, माणूस गेलं तर काय करतात. देवळातलं नको होतं मला, स्वयंपाकघरातलं हवं होतं. मी थायलंड आणि जपान लिहिलं. श्रीलंकाही लिहिलं होतं, पण तिकडे लढाई चालू होती म्हणून खोडलं.

मॅडमना प्रश्न आवडला. अर्जात शेवटी एक भाग होता, स्वतःबद्दल आणि घराबद्दल लिहायचा. तो मी जसा होता तसा लिहिला. वडील दाढी करताना मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायचे, अडलं की आरशातूनच शब्द दुरुस्त करायचे, कॉलेजच्या प्रवेशासाठी पाळी बदलून माझ्याबरोबर आले, वगैरे.

मॅडमनी तो वाचला आणि चष्मा काढला. "छान आहे. पण खूप सुखी आहे. त्यांच्याकडे ढीगभर अर्ज येतात. तुझा लक्षात का राहील? यात तुझा स्ट्रगल कुठे आहे?"

त्यांनी खोटं लिही असं म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात दोष त्यांच्यावर ढकलत आले.

घरी येऊन मी तो भाग पुन्हा लिहायला बसले. स्ट्रगल म्हणजे काय लिहायचं? आम्ही उपाशी नव्हतो. मला शिकायला कुणी अडवलं नव्हतं. शाळेत काही बाई मला पाण्याच्या माठापाशी थांबवायच्या, ते लिहिता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण ते लिहायची मला लाज वाटली. खऱ्याची लाज वाटली आणि खोट्याची नाही, असा माझा तेव्हाचा हिशेब होता. मी समोरच्या घरातलं ताट उचललं आणि आमच्या भिंतीवर मारलं. आप्पांच्या हातात पुस्तकं दिली आणि ती चुलीत घालायला लावली. 'माझी पुस्तकं माझ्या डोळ्यांसमोर राख झाली,' असं लिहिलं. मग मी सातवीत पहिली आले तेव्हा वडिलांचे डोळे उघडले आणि त्यांनी दारू सोडली, असा शेवट केला. रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केल्याचंही लिहिणार होते, पण आमच्या गल्लीत तेव्हा दिवाच नव्हता.

वाचून पाहिलं तर डोळ्यांत पाणी आलं. माझंच मला.

टाइप करायला उल्हासनगरच्या कॅम्प तीनला गेले. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा, मग बाजारातून आत. खाली जीन्स शिवायच्या मशिनी चालू असायच्या आणि वर माडीवर एका सिंधी गृहस्थांचे सहा टाइपरायटर होते. सगळे त्यांना अंकल म्हणायचे. विहाराला नळजोडणी मिळावी म्हणून आप्पांनी जे जे अर्ज केले ते त्यांनीच टाइप केलेले, म्हणून ते आप्पांना चांगले ओळखत. माझा अर्ज त्यांनी स्वतः घेतला. बोटं सपासप चालली होती. शेवटच्या पानावर थांबली.

"बेटा, ये पप्पा के बारे में है?"

"हां अंकल."

"पीते थे?"

"पहले. छोड़ दी."

अंकल माझ्याकडे बघत राहिले. "मुझे तो कभी लगा नहीं," असं म्हणाले आणि पुढची ओळ टाइप करू लागले. खालच्या मशिनींनी माडीची फळी थरथरत होती. मी अजूनही म्हणू शकले असते की थांबा, हा भाग बदलायचाय. कार्बन घातलेला होता, कागद फुकट जाईल, असलं काहीतरी कारण मी मनाशी काढलं.

आप्पांनी संध्याकाळी विचारलं, "बघू, काय लिहिलंस?" ते इंग्रजी वर्तमानपत्र हळूहळू, बोट ठेवून वाचायचे, तो परिच्छेद त्यांना नक्की कळला असता. मी म्हटलं, "पाकीट बंद केलंय आप्पा. तुम्हाला मी मराठीत करून देईन सगळं."

"दे. सावकाश दे," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी पत्र आलं. पहिल्या निवडीत माझं नाव होतं आणि ट्रस्टच्या एक बाई घर बघायला येणार होत्या. ते वाचून मला भीती वाटायला हवी होती. मला फक्त आनंद झाला. त्या अर्जातलं काही घरात विचारतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घर बघणार म्हणजे भिंती बघणार असंच मी धरून चालले.

आप्पांनी अर्धी रजा टाकली. विहारातून दोन चांगल्या खुर्च्या आणल्या. आईनं शिरा केला. बाई पन्नाशीच्या होत्या, सुती साडी, खांद्याला शबनम, हातात फाईल. पुण्याकडचं स्वच्छ मराठी बोलत होत्या आणि वागायला इतक्या साध्या होत्या की आई पाच मिनिटांत त्यांच्याशी तांदळाच्या जातींवर बोलायला लागली. त्यांनी माझी पुस्तकं पाहिली, आजोबांच्या मयताची हकीकत पुन्हा ऐकली. मग आप्पांकडे वळल्या आणि आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचं होतं. तुम्ही सोडलीत, ही फार मोठी गोष्ट आहे."

"काय सोडलं?" आप्पांनी विचारलं.

"दारू. मुलीनं सगळं लिहिलंय. अगदी प्रामाणिकपणे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तिनं शेवटी तुमचं कौतुकच केलंय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी शहाबादी फरशीच्या जोडातल्या सिमेंटकडे बघत होते. गल्लीतून कुणीतरी सायकल हातात धरून नेली.

"हो," आप्पा म्हणाले. "सोडली."

"किती वर्षं झाली?"

ते पुन्हा माझ्याकडे बघतायत हे मला न बघता कळलं. "झाली बरीच. ही सातवीत होती..." त्यांनी अंदाजानं सांगितलं असावं, आणि ते नेमकं बसलं.

"तिची पुस्तकं जाळल्याचं आठवतं तुम्हाला?"

"आठवतं."

"आज काय वाटतं?"

"वाईट वाटतं," आप्पा म्हणाले. बाईंनी फायलीत काहीतरी लिहिलं. आई मधल्या दारात ताटली घेऊन उभी होती. ती आत गेली आणि पुन्हा चहा ठेवल्याचा आवाज आला, खरं तर चहा नुकताच झाला होता.

आप्पा बाईंना रिक्षापर्यंत सोडायला गेले. तेवढ्यात आई बाहेर आली.

"ते समोरच्यांचं आहे," ती म्हणाली. "ताट, पुस्तकं, सगळं त्यांचं आहे. आपल्या घरात आणून टाकलंस?"

"आई, सगळे असंच लिहितात."

"सगळ्यांचे बाप असे आहेत का?"

आप्पा परत आले तेव्हा आई अजून बोलत होती. त्यांनी तिला हातानंच थांबवलं. चपला जागेवर ठेवल्या, खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "मराठीत करून देणार होतीस."

मी कार्बनची प्रत काढली. त्यांनी चष्मा मागितला नाही, फक्त ऐकत बसले. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. इंग्रजीत जे भारदस्त वाटत होतं ते मराठीत, आमच्या खोलीत, इतकं घाण वाटत होतं की मध्ये मी थांबले. ते म्हणाले, "पुढे." मी पुढे वाचलं. पुस्तकं चुलीत घातल्याचं आलं तेव्हा ते म्हणाले, "चूल लिहिलीस. आपल्याकडे तेव्हा स्टोव्ह होता."

एवढंच. त्यांनी मला मारलं असतं, ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

"तुम्ही हो का म्हणालात?" मी विचारलं.

"मग काय म्हणू? माझी मुलगी खोटं बोलते म्हणू, त्या बाईसमोर?"

त्या रविवारी विहारात आप्पा पुढे उभे राहिले नाहीत. त्यांनी दुसऱ्या एका गुरुजींना सांगितलं आणि स्वतः शेवटच्या रांगेत गेले. मी बायकांच्या बाजूला होते, तिथून मला ते दिसत होते. पहिली तीन शीलं त्यांनी म्हटली. चौथ्याला त्यांचे ओठ मिटलेले होते. पाचवं त्यांनी पुन्हा म्हटलं. वंदना झाल्यावर गुरुजींनी त्यांना विचारलं, काय झालं. आप्पा म्हणाले, "माझ्याकडून खोटं बोललं गेलंय."

"अहो, शील रोज नव्यानं घ्यायचं असतं."

"घेईन. थोडे दिवस जाऊ देत."

कुणाशी, कशाबद्दल खोटं, हे त्यांनी सांगितलं नाही. त्याची गरजही पडली नाही. आमचं दार उघडं होतं, गल्ली दोन माणसांची, आणि बाईंचं मराठी स्पष्ट होतं. आठवड्याभरात वस्तीत झालं होतं की हे पण एके काळी प्यायचे, बघा, आणि आम्हाला पाचवं शील सांगायचे. माझ्यासमोर कुणी बोललं नाही. नळावर मी गेले की बायका बोलायच्या थांबायच्या, त्यावरून मला कळलं.

मुलाखतीला मी एक निश्चय करून गेले होते. सगळं सांगून टाकायचं. टेबलामागे पाच जण होते, त्यांत त्या बाईही. आजोबांचं मयत, पातळ पुस्तिका, थायलंडमध्ये कुठल्या गावात राहणार, भाषेचं काय, असे ते विचारत गेले आणि मी बोलत गेले. इतकं चांगलं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. आप्पांबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. शेवटी मधले गृहस्थ म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही सर. थँक यू," मी म्हटलं.

माझी निवड झाली. पत्र आलं त्या दिवशी मी आप्पांना म्हटलं की मी जाणार नाही, त्यांना कळवून टाकते. खरं सांगायचं तर ते मला 'जा' म्हणतील हे ठाऊक असूनच मी तसं म्हटलं. त्यांनाही ते कळलं असणार.

"मी खोटं बोललो ते तू घरी बसावं म्हणून नाही," ते म्हणाले. "जा. आणि तिथे जे दिसेल तेच लिही."

मी गेले. थायलंडच्या उत्तरेला एका गावात मी पाच महिने राहिले, मग जपानमध्ये सात. त्या वर्षाबद्दल लोक मला हौसेनं विचारतात आणि मी सांगतेही. पण मला आठवतं ते वेगळं आहे. त्या गावात एका घरी म्हातारे गृहस्थ गेले होते, मयत तीन दिवस घरात होतं, माणसं येत होती, जेवत होती, हसत सुद्धा होती. मी कोपऱ्यात बसून वहीत लिहीत होते. घरच्या मुलानं माझ्याबरोबर दुभाषे म्हणून आलेल्या गावच्या मास्तरांना विचारलं, हिचे वडील काय करतात? मी सांगितलं, कारखान्यात आहेत, आणि दर रविवारी गावाला पंचशील सांगतात. मास्तरांनी ते त्यांच्या भाषेत केलं. त्या मुलानं, ज्याचा बाप समोर निजवलेला होता, माझ्या वडिलांसाठी हात जोडले. मी पुढ्यातला भात तसाच ठेवला. मी बाहेर जाऊन त्यांच्या विहिरीपाशी उभी राहिले.

आईची पत्रं यायची. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं, ओळी वर चढत जाणाऱ्या. एका पत्रात तिनं लिहिलं होतं की समोरचे काका एका संध्याकाळी आले, आप्पांच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, 'भाऊ, तुम्ही कशी सोडली ते मला सांगा. माझ्याच्यानं होत नाही.'

मी ते पत्र हातात घेऊन बसले. आप्पा तिथे काय बोलले असतील याचा मला अंदाज येईना. पुढे आईनं लिहिलं होतं: 'त्यांनी खरं सांगितलं. म्हणाले, मी कधी प्यायलोच नाही, पोरीनं अर्जात लिहिलं म्हणून मी हो म्हटलं. लिहिलं ते तुमच्या घरातलं लिहिलं, त्याची मी माफी मागतो. सोडायची कशी मला माहीत नाही. पण कामावरून आलात की सरळ इथे येऊन बसत जा. ते आता रोज येतात. दोघं बसतात. काही बोलत नाहीत. मी चहा देते.'

काका चार महिने येत होते. मग एक दिवस आले नाहीत, आणि मग आलेच नाहीत. पुढे दोन वर्षांनी ते गेले. आप्पा त्यांच्या मयतात सगळ्यांत पुढे होते.

परत आल्यावर मी माझ्या वह्या ट्रस्टमध्ये नेऊन दिल्या. त्या बाई एकट्याच बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं की तो परिच्छेद खोटा आहे, माझे वडील कधीच प्यायले नाहीत.

"बस आधी," त्या म्हणाल्या. "मला त्याच दिवशी कळलं होतं. किती वर्षं झाली विचारलं तेव्हा त्यांनी तुझ्याकडे बघितलं. सोडलेल्या माणसाला दिवस पाठ असतो. माझ्या भावाला होता."

"मग मला का घेतलंत?"

"तुझ्या प्रश्नासाठी. तो परिच्छेद आम्ही धरलाच नव्हता. तसे परिच्छेद फार येतात." मग म्हणाल्या, "मी त्यांना त्या दिवशी पुढे विचारायला नको होतं. कळल्यावरही मी विचारत राहिले. ते माझं चुकलं."

त्यांनी फाईल मागवून तो कागद काढून टाकू का असं विचारलं. मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. काढून टाकण्याचा अधिकार मला नाही असं काहीतरी वाटलं.

आप्पांना मी हे सगळं सांगितलं. परिच्छेद नसता तरी झालं असतं, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "बरं झालं, कळलं." विहारात ते पुन्हा पुढे उभे राहायला लागले होते. कधीपासून, ते मी विचारलं नाही. वस्तीनंही ती कुजबुज हळूहळू सोडून दिली असावी. निदान मला तसं वाटून घ्यायला बरं वाटतं.

समोरच्या काकूंकडे जायला मला आणखी तीन आठवडे लागले. गल्लीत समोरासमोर दारं, रोज दिसायच्या, मी मान खाली घालून निघून जायचे. एका दुपारी त्यांनीच हाक मारली. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, काका आत पिऊन पडलेले होते.

"माझ्या घरातलं लिहिलंस म्हणे."

"हो काकू."

"काय लिहिलंस?"

मी सांगितलं. ताट सांगितलं, पुस्तकं सांगितली. त्या सुपातून खडे काढत होत्या.

"राख झाली असं लिहिलंस?"

"हो."

"राख नाही झाली. मी काढली सगळी. हातानं. दोनच पुस्तकांची पानं गेली, बाकीच्यांना नुसतं काळं लागलं. वर्षभर ती त्याच पुस्तकांवर शिकली. तुला कुठून दिसणार, तू दारातूनच पळालीस."

मी म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी मान हलवली. मान्य केलं की नुसतं ऐकलं, कळलं नाही. सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "माझी नजर गेली आता. एवढे बघ."

मी त्यांच्याजवळ बसले आणि तांदूळ निवडले. निम्मे निवडून झाल्यावर त्यांनी विचारलं, तिकडे, त्या देशात, माणूस दारू पिऊन मेला तर त्याचं वेगळं काही करतात का. मी म्हटलं नाही, सगळ्यांचं सारखंच करतात. मी पाहिलं होतं तेवढ्यावरून ते खरं होतं.